रुग्णालयाच्या उंबरठ्यापलीकडची परिचारिका

दरवर्षी १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन पाळला जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली याच दिवशी झाला. त्या दिवशी रुग्णालयांत मेणबत्त्या पेटविल्या जातात, शपथेचा पुनरुच्चार होतो आणि अनेक धर्मग्रामांत मिस्सेनंतर परिचारिकांना पुष्पगुच्छ देऊन त्यांचा सत्कार केला जातो. हे सारे उचितच आहे. परंतु ज्या परिचारिकेला आपण सन्मानाने व्यासपीठावर बोलावतो, तिला चार शब्द बोलण्याची विनंती मात्र क्वचितच करतो. ती पुष्पगुच्छ स्वीकारते, छायाचित्र निघते आणि ती खाली उतरते. आपल्या घरातील लहान मुले कशी भाजतात, कशी बुडतात, काय गिळतात आणि कोणाकडून दुखावली जातात याचे जे ज्ञान तिच्याजवळ असते, ते तिच्याबरोबरच रुग्णालयात परत जाते.

हे ज्ञान वैद्यकीय पुस्तकांतील नव्हे. अपघात विभागात भाजलेले मूल आणले जाते तेव्हा डॉक्टरांना जखम किती खोल आहे, शरीराचा किती भाग भाजला आहे, हे पाहावयाचे असते व ते त्यांनी पाहिलेच पाहिजे. परिचारिका मात्र जखम धुताना, शिरेत सुई लावताना, मुलाला धरून ठेवताना त्या मातेच्या शेजारी बराच वेळ उभी असते. माता बोलत असते. दूध उतू जात होते म्हणून वळले, दाराची घंटा वाजली, मोठ्याला शाळेत सोडावयाचे होते. अशी शेकडो कथने ऐकून परिचारिकेच्या मनात एक नकाशा तयार होतो. कोणत्या वयात, घराच्या कोणत्या कोपऱ्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी काय घडते, हे ती सांगू शकते. डॉक्टरांना जखमेचा इतिहास ठाऊक असतो; परिचारिकेला त्या सकाळचा इतिहास ठाऊक असतो.

हा नकाशा घराघरांत पोहोचविणे हाही परिचर्येचाच भाग आहे, ही कल्पना नवीन नाही. सोळाव्या शतकात संत कामिलस यांनी रुग्णसेवेसाठी संघ स्थापन केला, तेव्हा त्यांचे सहकारी रुग्णालयांपुरते थांबले नाहीत. प्लेगने पीडित झालेल्यांच्या घरीही ते जात असत. १८५९ साली लिव्हरपूल येथे विल्यम रॅथबोन यांनी मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला गरीब रुग्णांच्या घरी पाठविण्यास प्रारंभ केला आणि त्यातून तेथील गृहपरिचर्येची व्यवस्था उभी राहिली. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या दाट वस्तीत लिलियन वॉल्ड यांनी हेच काम हाती घेतले. आपल्या महाराष्ट्रात १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरोग्याचे ज्ञान गावातील सामान्य, बहुधा निरक्षर, स्त्रियांच्या हाती सोपविता येते हे तेथे सिद्ध झाले. त्या स्त्रियांना शिकविणाऱ्यांत परिचारिका होत्या. आज एएनएम, आशा आणि अंगणवाडी सेविका असे जाळे राज्यभर आहे. लसीकरण, प्रसूती, कुपोषण यांची नोंद त्या ठेवतात. परंतु मूल बादलीत पडू नये, औषध गिळू नये, कोणाच्या वाईट हेतूला बळी पडू नये, यासाठी त्यांच्या नोंदवहीत फारशी जागा नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी रुग्णालयांतील परिचारिका सुटीच्या दिवशी बाहेर पडतात, तेव्हा त्या केवळ समाजसेवा करीत नसतात. अन्य कोणाजवळ नसलेली माहिती त्या आपल्यापर्यंत आणीत असतात.

येथे एका शब्दाविषयी लिहिणे आवश्यक वाटते. मूल गेले की आपण ‘अपघात’ म्हणतो आणि पुढे लगेच ‘देवाची इच्छा’ असे जोडतो. धर्मगुरू म्हणून बालकांच्या अंत्यविधीप्रसंगी हे उद्गार मी अनेकदा ऐकले आहेत. शोकाने खचलेल्या मातापित्यांशी त्या घटकेला कोणी वाद घालू नये. परंतु झाकण नसलेली विहीर ही देवाची इच्छा नव्हे. शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले फिनेल ही देवाची इच्छा नव्हे. आपण उघडे ठेवलेले आपणच झाकावयाचे असते, आणि काय उघडे राहिले आहे हे दाखविण्यासाठी परिचारिकेचे डोळे उपयोगी पडतात.

प्रथम पाण्याचा विचार करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांपैकी जवळपास एकचतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. समुद्र, खाडी, नदी यांची भीती आपणां सर्वांनाच असते. चालू लागलेल्या बाळाला मात्र त्यांपेक्षा न्हाणीघरातील अर्धी भरलेली बादली अधिक धोक्याची आहे. त्या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते. बाळ डोकावते, तोल जातो आणि त्याला स्वतःला वर उचलता येत नाही. टीचभर पाणी पुरते. आवाज होत नाही. बुडणारे मूल ओरडते ही समजूत खरी नाही. वसईच्या वाड्यांत याशिवाय विहिरी आहेत, बावखले आहेत. बावखल हा आपल्या बागायतीचा प्राण आहे आणि ती बुजवली जाऊ नयेत असेच या लेखकाचे मत आहे. परंतु काठावर कुंपण नसलेले बावखल आणि त्यालगत खेळणारे तीन वर्षांचे मूल हे दृश्य परिचारिकेला सहन होत नाही, कारण पुढचे दृश्य तिने पाहिलेले असते.

या बाबतीत बांगलादेशाने जे केले ते आपल्यासाठी विशेष बोधप्रद आहे. तेथील खेड्यांत घराघराशेजारी तळी आहेत आणि बहुतेक लहान मुले सकाळच्या वेळी, आया स्वयंपाकात व शेतकामात गुंतलेल्या असताना, बुडतात असे अभ्यासकांना आढळले. त्यांनी गावातीलच एखाद्या घरी सकाळपासून दुपारपर्यंत मुले सांभाळणारी ‘आंचल’ नावाची पाळणाघरे सुरू केली. या पाळणाघरांत येणाऱ्या मुलांत बुडण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. धोक्याची वेळ ओळखून त्या चार तासांत मुलावर कोणाची तरी नजर राहील, एवढी व्यवस्था पुरेशी ठरली.

बुडालेल्या मुलाला बाहेर काढल्यावर काय करावे, याविषयी आपल्याकडे एक जीवघेणी प्रथा आहे. मुलाला पायांना धरून उलटे टांगतात, गोल फिरवितात, पोट दाबून पाणी काढतात. यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातील अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. मूल श्वास घेत नसेल तर सपाट जागी निजवून प्रथम तोंडाने श्वास द्यावा, नंतर छाती दाबण्यास प्रारंभ करावा आणि मदत येईपर्यंत दोन्ही चालू ठेवावे. हे वाचून येत नाही. बाहुलीवर हाताने करून पाहावे लागते. परिचारिकेच्या बैठकीला जाण्याचे हे एकच कारणही पुरेसे आहे.

भाजण्याच्या संदर्भात आपल्या घरांत वैद्यांची कमतरता कधीच नसते. कोणी टूथपेस्ट आणतो, कोणी हळद, तूप, शाई, चुना. शेजारची वृद्धा आणखी काही सुचविते. रुग्णालयात पोहोचल्यावर परिचारिकेला हे सर्व लेप त्या सोललेल्या त्वचेवरून पुसून काढावे लागतात, कारण त्याशिवाय जखम दिसत नाही आणि जंतूही त्याखाली वाढतात. त्या वेळच्या किंकाळ्या तिच्या स्मरणात राहतात. म्हणून भाजण्याविषयी ती बोलते तेव्हा तिचा स्वर किंचित कठोर होतो, तो समजून घ्यावा. तिचे सांगणे साधे आहे. भाजलेला भाग नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली सलग २० मिनिटे धरावा. घड्याळ लावून २० मिनिटे. दोन मिनिटांनंतर मूल शांत झाले म्हणून थांबू नये. बर्फ लावू नये. बांगडी, अंगठी, कमरेचा करदोटा सूज येण्यापूर्वी काढावा. त्वचेला चिकटलेला कपडा ओढू नये. बाळ लहान असेल तर भाजलेला भागच थंड करावा, उर्वरित शरीर कोरड्या कपड्यात गुंडाळावे. नंतर स्वच्छ ओलसर कपडा झाकून रुग्णालय गाठावे. तत्काळ पाणी मिळाले नाही तरी पहिल्या तीन तासांत ते मिळाल्यास त्याचा लाभ होतो.

आणि भाजूच नये यासाठी? आंघोळीच्या बादलीत प्रथम थंड पाणी, मग गरम. कधीही उलटे नाही. पाणी कोपराने तपासावे. पाणी तापविण्याचा रॉड बादलीत असताना ती खोली बंद असावी. जमिनीवर गरम डाळीचे पातेले ठेवून पंगत वाढताना, विशेषतः लग्नघरी आणि नाताळच्या दिवसांत अंगणात चुली पेटलेल्या असताना, रांगत्या मुलासाठी एका माणसाची नेमणूक करावी. सर्वजण लक्ष ठेवतात तेव्हा प्रत्यक्षात कोणीच लक्ष ठेवीत नाही.

विषबाधेच्या बाबतीत काळ बदलला आहे. पूर्वी स्टोव्हसाठी घरोघरी रॉकेल असे आणि ते बाटलीत ठेवले जाई. रॉकेल प्यालेल्या मुलाला मीठपाणी पाजून ओकारी काढविली जाई आणि ओकताना तेच रॉकेल फुप्फुसात शिरत असे. आता गॅस आला, रॉकेल मागे पडले. त्याची जागा शौचालय साफ करण्याचे आम्ल, डास घालविणाऱ्या द्रवाच्या कुप्या, देवघरातील वा कपाटातील कापूर यांनी घेतली आहे. जबरदस्तीने ओकारी काढू नये, हा नियम मात्र तोच राहिला आहे. काय प्याले त्याची बाटली बरोबर घेऊन रुग्णालयात जावे.

या विभागात परिचारिका ज्या एका वस्तूचा आवर्जून उल्लेख करतात, ती ऐकून पालक चकित होतात. ती वस्तू म्हणजे लोहाच्या गोळ्या. गरोदर मातांना लाल, लहान शाळकरी मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना निळ्या अशा या साखरेचे वेष्टण असलेल्या गोळ्या शासनच वाटते, आणि त्या वाटल्याच पाहिजेत. रक्तक्षय हा आपल्या स्त्रियांचा जुना शत्रू आहे. परंतु दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ती लाल, गोड गोळी म्हणजे खाऊच. गरोदर मातेच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. दहा किलो वजनाच्या मुलाने अशा दहा गोळ्या खाल्ल्या तर विषबाधा प्राणघातक होऊ शकते. त्यातही फसविणारी गोष्ट अशी की, प्रथम उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मुलाला बरे वाटते, ते खेळूही लागते आणि त्यानंतर अवस्था झपाट्याने बिघडते. मधल्या त्या बऱ्या वाटण्याच्या काळात पुष्कळ पालक घरी थांबतात. गोळ्या खाल्ल्याचा संशय आला तरी थांबू नये. घरात नवे बाळ येणार असते तेव्हाच मोठे भावंड साधारण याच वयाचे असते, हे ध्यानात घेतले तर धोका किती स्वाभाविक आहे ते कळेल.

खेळण्यातील वा घड्याळातील बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिका दोन तासांतही गंभीररीत्या भाजू शकते; ती आपोआप पडेल म्हणून वाट पाहू नये. शेंगदाणा, चिकूची बी, नाणे घशात अडकून मुलाला खोकताही येत नसेल, तर एक वर्षावरील मुलाच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर पाच जोरदार थापा आणि मग मागून पोट आत-वर दाबण्याचे पाच झटके, हे आलटून पालटून करावे. एक वर्षाखालील बाळाचे पोट दाबू नये. त्याला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, पाठीवर थापा द्याव्यात आणि नंतर छाती दाबावी. दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपून काढण्याचा प्रयत्न केल्यास ती आणखी खोल जाते.

सर्पदंशाविषयी येथे थोडक्यात लिहितो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश बहुधा दुखतही नाही; नीट खोचलेली मच्छरदाणी हे तिच्याविरुद्धचे चांगले संरक्षण आहे. दंशाची जागा कापू नये, घट्ट बांधू नये, भगताकडे वेळ दवडू नये. दुचाकीच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट सक्तीचे आहे आणि फेब्रुवारी २०२३ पासून त्याहून लहान मुलांसाठीही हेल्मेट, चालकाला जोडणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा लागू आहे. रविवारी मिस्सेला येताना टाकीवर बसविलेली बालके पाहिली की या कायद्याची वार्ता चर्चच्या आवारापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही असे वाटते.

आता ज्या विषयावर आपल्या सभागृहांत सर्वांत कमी बोलले जाते, त्याकडे वळतो. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक बालकांशी बोलून ती केली होती. त्यांपैकी ५३ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे वा विश्वासाच्या स्थानावरील होते. पोलिसांत नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत तर ओळखीच्या आरोपींचे प्रमाण याहून कितीतरी अधिक असते. तरीही आपण मुलांना अजून अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको, एवढेच शिकवितो. आपला पहारा वेशीवर आणि धोका ओसरीवर, अशी ही स्थिती आहे.

या विषयावर बोलण्यास परिचारिका विशेष योग्य का, याचे एक साधे कारण आहे. ती शरीराविषयी न लाजता बोलू शकते. आपल्या घरांत हाताला हात आणि नाकाला नाक म्हणतात. काही अवयवांना मात्र नावच नसते, वा असते ते शिवीत असते. ज्या अवयवाला नाव नाही, त्याविषयी मूल तक्रार तरी कोणत्या शब्दांत करणार? परिचारिका गुडघ्याचे नाव घ्यावे तितक्याच सहजतेने ही नावे घेते. प्रथम बैठकीत माता पदराआड हसतात, एकमेकींकडे पाहतात. दहा मिनिटांनी त्या प्रश्न विचारू लागतात. हे काम धर्मगुरूने केले असते तर ती दहा मिनिटे संपली नसती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हे शब्द आता शाळांतून रूढ झाले आहेत. जाणत्या परिचारिका ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ हे शब्द अधिक पसंत करतात, त्यामागे विचार आहे. अत्याचार करणारा प्रथम लाड करतो, भेटी देतो. स्पर्श दर वेळी मुलाला वाईट वाटेलच असे नाही. ज्याला वाईट वाटले नाही, ते मूल पुढे स्वतःलाच दोषी समजते आणि गप्प राहते. म्हणून भावनेवर नव्हे, नियमावर भर द्यावा. अंतर्वस्त्राने झाकलेल्या भागाला स्वच्छतेसाठी वा उपचारासाठीच हात लावला जातो, डॉक्टर तपासतात तेव्हा आई वा बाबा समोर असतात, आणि मोठ्या माणसाने ‘हे कोणाला सांगू नकोस’ म्हटले की ते घरी सांगावयाचेच असते. मुलांना शिकविण्याचे एवढेच. पालकांना शिकविण्याचे याहून अधिक आहे. मामा-काकांना पापी देण्याची सक्ती करू नये. नकार देण्याचा सराव तेथूनच सुरू होतो. मूल एखाद्या घरी वा शिकवणीला जाण्यास एकाएकी कांकू करू लागले, पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर रागावण्यापूर्वी विचार करावा. आणि मुलाने सांगितले तर पहिले वाक्य ‘तू तेथे का गेलीस?’ हे नसावे. ‘तू सांगितलेस ते बरे केलेस’ हे असावे.

मुलाने परिचारिकेलाच काही सांगितले तर तिने काय करावे? ऐकावे, पुन्हा पुन्हा उलटतपासणी घेऊ नये, कोणाला सांगणार नाही असे वचन देऊ नये, कारण ते वचन तिला पाळता येणार नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा न कळविल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. पालकांच्या मनातील एक मोठा गैरसमजही येथे दूर व्हावा. पोलिसांचा कागद नसला तरी रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने हे उपचार विनामूल्य करावयाचे असतात. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरच करतात आणि त्या वेळी पालक वा मुलाच्या विश्वासाची व्यक्ती उपस्थित राहू शकते. घटनेच्या वेळचे कपडे धुऊ नयेत. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ही मनाई आम्हा संपादकांनाही लागू आहे.

‘आपल्या चर्चमध्ये असे काही होत नाही’ असे म्हणून हा विषय बाजूला सारण्याची सोय आता कोणाला उरलेली नाही. जगभरातील धर्मप्रांतांत धर्मगुरूंकडून बालकांवर अत्याचार झाले आणि कित्येक ठिकाणी ते झाकले गेले, हे सत्य आहे. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ हे फर्मान काढले आणि असा प्रकार समजल्यास तो कळविण्याचे बंधन धर्मगुरू व व्रतस्थांवर घातले; २०२३ मध्ये ते कायम करण्यात आले. अशा स्थितीत धर्मग्रामाच्या सभागृहात परिचारिका पालकांना सावध करीत असेल, तर तिच्या यादीतून धर्मगुरू, धर्मशिक्षक, गायनवृंदाचे प्रशिक्षक आणि शिबिरांतील स्वयंसेवक वगळले जाऊ नयेत. तिने ते आमच्या भिडेने वगळले तर आम्हीच ते यादीत घालावे. स्वतः परिचारिकांनीही हाच नियम पाळावा. मुलांसोबत नेहमी दोघी असाव्यात, दार उघडे असावे आणि मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून काढू नयेत.

बैठक कशी असावी याविषयी अनुभवी परिचारिकांचे मत ऐकण्याजोगे आहे. दोनशे श्रोते, ध्वनिक्षेपक, स्वागतगीत आणि आभारप्रदर्शन यांचा त्यांना उपयोग वाटत नाही. एका घराच्या ओटीवर जमलेल्या आठ-दहा माता, शक्य तर आज्या, आणि एक बाहुली त्यांना पुरते. आज्यांचा उल्लेख मुद्दाम केला. दिवसा मूल त्यांच्याच हाती असते आणि टूथपेस्टही तेथूनच येते. भाषण थोडे करावे, मग स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सर्वांनी मिळून पाहावे. मुलाच्या उंचीवर गुडघे टेकून पाहिले की काय काय हाताला लागते ते मातांना स्वतःलाच दिसते. वडिलांसाठी वेगळी, सायंकाळची बैठक हवी; ती अद्याप फार थोड्या ठिकाणी होते. आणि या बैठका आपल्याच वाड्यांपुरत्या राहू नयेत. पूर्वेच्या पाड्यांवर, नालासोपाऱ्याच्या चाळींत, दिवाळीनंतर कुटुंबासह येणाऱ्या मजुरांच्या वीटभट्ट्यांवर मुले अधिक उघड्यावर आहेत आणि रुग्णालय त्यांच्यापासून अधिक दूर आहे.

अडचण वेळेची आहे. पहाटेच्या लोकलने मुंबईच्या रुग्णालयात जाणारी, रात्रपाळी करून परतल्यावर घरचा स्वयंपाक करणारी परिचारिका आठवड्याची एकमेव सुटी या कामाला देते, ते तिचे औदार्य आहे. त्यावर योजना आखता येत नाही. मिशन रुग्णालयांनी तरी महिन्यातून एक दिवस हे काम कामाच्या तासांत धरावे आणि जाण्या-येण्याचे भाडे द्यावे. धर्मग्रामाने घरे ठरवावीत, माता जमवाव्यात, बाहुली विकत घ्यावी. मदतीचे क्रमांक प्रत्येक घरी स्वयंपाकघराच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवावेत. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि संकटातील बालकांसाठी १०९८. शेवटचा क्रमांक मुलांना तोंडपाठ असावा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ती सेवा २०२३ पासून शासन स्वतः चालविते.

बैठकांच्या क्रमाविषयी एक सूचना करून थांबतो. भाजण्याविषयीची बैठक नाताळपूर्वी व्हावी. पाण्याविषयीची मात्र मे महिन्यातच उरकली पाहिजे, कारण १२ मेनंतर पावसाला साधारण चार आठवडेच उरतात आणि जूनअखेर बावखले काठोकाठ भरू लागतात.